तीन वसंत कोरडे गेले: डी नदीवरचा सॅल्मन गळाला का लागत नाही?

स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनमध्ये तेलाच्या धंद्यापायी आलेली मराठी माणसं बरीच आहेत, आणि दर फेब्रुवारीत त्यांतल्या एकदोघांचा तरी मला ठरलेला प्रश्न येतो. डी नदीवरचं एका दिवसाचं परमिट काढलं, रॉड भाड्याने घेतला, दिवसभर मांडीभर गार पाण्यात उभा राहिलो, समोर मासा उडी मारतानासुद्धा दिसला, आणि गळाला काही नाही. आता फ्लाय कुठली लावू?

फ्लायला, म्हणजे केस-पिसं बांधून सजवलेल्या त्या गळाला, सध्या हात लावू नका. मीही तेच करत होतो. पहिल्या तीन वसंतांत मिळून एकवीस शनिवार नदीवर घालवले, डबीतल्या फ्लाय चारच्या चाळीस झाल्या आणि मासे शून्य. घरात त्या दिवसाला ‘कोरडा शनिवार’ असं नावच पडलं होतं. एकच काम बरं केलं होतं, ते म्हणजे वही ठेवली होती. तारीख, जागा, पाण्याचं तापमान, पातळी चढती की उतरती, हवा, काय लावलं. चौथ्या हिवाळ्यात ती वही घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. नऊ शनिवार मी नदीच्या चुकीच्या भागात होतो. सहा दिवस पाणी चढत होतं किंवा बर्फ वितळून आलेलं होतं. चार दिवस जागा बरोबर, पाणी बरोबर, पण फ्लाय मासा बघेपर्यंत निघून जात होती. उरलेल्या दोन दिवशी माशाने घेतलं होतं आणि मीच ते त्याच्या तोंडातून काढून घेतलं होतं. फ्लायचा रंग चुकला म्हणून वाया गेला असं म्हणता येईल असा एकही दिवस सापडला नाही.

तेव्हा चूक शोधायची तीही याच क्रमाने.

त्याआधी, हा मासा भुकेला नाही

मी चिपळूणजवळ वाढलो. मिरगाचा पहिला पाऊस पडला की ओढ्यांतून, शेतांतून वलगणीचे मासे चढायचे, आणि आख्खा गाव कंदील, पाग, टोपल्या घेऊन बाहेर. ‘चढणीचा मासा’ हा शब्द सॅल्मनला इतका चपखल बसतो की इंग्रजीत तेवढा नेमका शब्द मला अजून मिळालेला नाही. अडचण एवढीच की त्या चढणीवर शिकलेलं निम्मंअधिक शहाणपण इथे उलटं लागू पडतं.

अटलांटिक सॅल्मन नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन मोठा होतो आणि अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. वसंतातला मासा, ज्याला इथे ‘स्प्रिंगर’ म्हणतात, बहुतेक वेळा समुद्रात दोन किंवा त्याहून जास्त हिवाळे काढून आलेला असतो. अंडी घालायची वेळ ऑक्टोबरच्या अखेरीपासून पुढे. म्हणजे फेब्रुवारी-मार्चमध्ये आत शिरलेला मासा सात-आठ महिने आधीच मुक्कामाला आलेला असतो. आणि गोड्या पाण्यात शिरल्यावर तो खाणं बंद करतो. समुद्रात साठवलेल्या चरबीवर त्याला हे सगळे महिने काढायचे असतात, म्हणून थंड पाण्यात तो एकही हालचाल फुकट करत नाही.

मग तो फ्लाय तोंडात का घेतो? राग, कुतूहल, जुनी सवय, प्रत्येकाचं आपलं मत आहे आणि ऐकायचं असेल तर प्रत्येकाकडे वेळही आहे. आपल्या कामाचं एवढंच: मरळीसमोर बेडूक नाचवावा तसं आमिष दाखवून हा येत नाही. त्याच्या नाकासमोरून, त्याला सहन होईल अशा चालीने काहीतरी जायला हवं.

(रेस्टॉरंटात रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात म्हणून विचारणाऱ्यांसाठी: रावसाचा याच्याशी काही संबंध नाही.)

आधी जागा तपासा

माझे नऊ शनिवार इथे गेले, आणि कारण लाजिरवाणं आहे. मला ब्रेमारकडचा निसर्ग आवडायचा. डी नदी केर्नगॉर्म डोंगरांत साधारण १२०० मीटरवर उगम पावते, लिन ऑफ डीच्या अरुंद घळीतून निघून ब्रेमार, बॅलेटर, अबॉइन, बँकोरी करत सुमारे १४० किलोमीटरवर ॲबरडीनला समुद्राला मिळते. फेब्रुवारीत वरच्या अंगाला डोंगर पांढरे, पाणी काचेसारखं, गर्दी नाही. फोटो सुरेख आले. मासे तिथून कितीतरी मैल खाली होते.

थंड पाण्यात सॅल्मनचे स्नायू मंद चालतात. पाणी साधारण ५-६ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर तो जोराच्या खळाळातून चढायला किंवा धबधबा ओलांडायला राजी नसतो. म्हणून कडक थंडीच्या वर्षी फेब्रुवारीत मासे खालच्या अंगाला, बँकोरी ते ॲबरडीन या पट्ट्यात रेंगाळतात. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत बँकोरी ते अबॉइन हा मधला भाग जिवंत होतो. बॅलेटर आणि त्याच्या वर जायचं तर एप्रिलअखेर किंवा मे. हिवाळा उबदार गेला असेल तर हे सगळं तीन-चार आठवडे अलीकडे सरकतं, म्हणून कॅलेंडरपेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवा. पाच पौंडांत मिळतो. माझ्या चाळीस फ्लायपेक्षा त्याने जास्त मासे दिले आहेत.

एक फुकटची खूण. बँकोरीला फ्यूख ही उपनदी डीला मिळते, तिथे वरच्या पुलावरून धबधबा दिसतो. तिथे मासे उड्या घेऊन चढायला लागले असतील तर पाणी सॅल्मनच्या हिशेबाने कोमट व्हायला लागलं आहे, आणि तुम्ही वर सरकायला हरकत नाही.

आता बीटावर पोचल्यावर. बीट म्हणजे नदीचा एका मालकाकडचा तुकडा, आणि त्यात दहा-बारा डोह असतील तर वसंतात त्यांतले दोन-तीनच कामाचे. इथे मात्र गावचं शहाणपण उपयोगी पडतं. ज्याला डोह वाचता येतो त्याला निम्मं काम आलं. खालून लांबलचक खळाळ चढून आलेला मासा पहिल्या शांत जागी दम खातो. म्हणजे डोहाची शेपूट, जिथे पाणी पुन्हा उथळ होऊन पुढच्या खळाळात उतरायच्या बेतात असतं. तिथल्या मोठ्या धोंड्यांच्या पुढे-मागे. थंडीत धारेच्या कडेला, जिथे जोरात आणि संथ पाण्याची शिवण दिसते तिथे. पाण्याचा वेग कसा हवा याचं माप एका म्हाताऱ्या घिलीने दिलं होतं. घिली म्हणजे बीटाचा राखणदार आणि वाटाड्या. तो म्हणाला, काठाने पाण्याबरोबर चालत जा. पळावं लागलं तर फार जोर, थांबावं लागलं तर फार संथ, आणि रमतगमत चालता आलं तर तिथे टाक. खोली कमरेपासून डोक्यापर्यंत. आरशासारख्या खोल, स्थिर पाण्यात मासे असतातही, पण फ्लाय तिथे चालत नाही.

आणि पाण्यात उतरायची घाई करू नका. नवा माणूस छातीपर्यंतचे वेडर्स, म्हणजे पाणी आत न शिरणारी विजार, घालतो म्हणजे छातीपर्यंत उतरायलाच हवं असं त्याला वाटतं. पाणी थोडं मोठं असेल तेव्हा मासा तुमच्या काठापासून चार-पाच मीटरवरच असतो, आणि तुम्ही नेमके त्याच्या घरात उभे राहून पलीकडच्या काठावर फेकत असता. पहिल्या काही फेकी कोरड्यात उभं राहून, आखूड दोरीने. मग घोट्याएवढ्या पाण्यात. त्याच्या पुढे जायचंच असेल तर काठी आणि लाइफजॅकेट. डीच्या तळाचे गोटे शेवाळलेले असतात आणि फेब्रुवारीच्या पाण्यात पडलेल्या माणसाला फार वेळ मिळत नाही.

पाणी चढतंय की उतरतंय

वलगणीचे मासे चढत्या पाण्यात धरतात. म्हणून मी पाऊस झाला, नदी फुगली की आनंदाने गाडी काढायचो. सहा शनिवार.

सॅल्मनही चढत्या पाण्यात चढतो, पण चढणारा मासा चालत असतो, थांबत नाही, आणि न थांबणारा मासा सहसा फ्लाय घेत नाही. त्यात गढूळपणा, पाला, काटक्या. पाणी उतरायला लागलं, रंग कडक चहावरून फिक्या चहावर आला की तोच मासा कुठल्यातरी डोहाच्या शेपटीला विसावतो. मासे मिळतात ते तेव्हा.

स्कॉटलंडची पर्यावरण संस्था सेपा नदीच्या पातळ्या रोज फुकट ऑनलाइन देते. डीवर वरून खाली मार लॉज, पॉलहॉलिक, वुडएंड, पार्क अशी मोजमापाची ठाणी आहेत. आकडा किती आहे याच्याकडे नवख्याने फार बघू नये, प्रत्येक बीटाचा आवडता आकडा वेगळा असतो आणि तो घिलीला विचारायचा. रेघ कुठे निघाली आहे ते बघा. सकाळी मार लॉजची रेघ वर वळलेली असेल तर ते पाणी दिवसभरात तुमच्यापर्यंत येणार, मग पार्कला आत्ता कितीही छान दिसो.

बर्फाचं पाणी ही वेगळी भानगड. मार्चमध्ये एखादा दिवस लख्ख ऊन पडतं, आपण खूश, जॅकेट काढतो. तेच ऊन केर्नगॉर्मवरचा बर्फ वितळवतं आणि दुपारी नदीचं तापमान वाढायच्या ऐवजी अंशभर घसरतं. मासे तोंड मिटून घेतात. दहा वाजता आणि एक वाजता तापमान घ्या. एकचा आकडा दहाच्या आकड्यापेक्षा खाली असेल तर डबा उघडा आणि निवांत जेवा. तो वाढत असेल, अर्ध्या अंशाने का होईना, तर जेवण पुढे ढकला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सव्वाआठच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला अंधारतं, आणि त्यातलेही खरे कामाचे तास अकरा ते तीन. पहाटे उठून जायचा पुरुषार्थ मे महिन्यासाठी राखून ठेवा, तेव्हा उलट पहाट आणि संध्याकाळ चांगली.

फ्लाय फार जोरात पळते आहे

जागा बरोबर आणि पाणी बरोबर असूनही काही होत नसेल तर दहातल्या आठ वेळा दोष इथे असतो, आणि तो आपला आपल्याला दिसत नाही. म्हणून जरा सविस्तर.

फ्लाय पाण्यात टाकली की ती आडवी सरकत तुमच्या काठाकडे येते आणि शेवटी तुमच्या थेट खाली लटकते. मधली धार जोरात, तुमच्या बाजूचं पाणी संथ. धार दोरीचं पोट पकडते, दोरीची कमान होते, आणि कमानीच्या टोकाला असलेली फ्लाय चाबकाच्या टोकासारखी भिरकावली जाते. पृष्ठभागावर सगळं छान दिसतं. खाली तो गारठलेला, चरबी वाचवत बसलेला मासा बघतो की काहीतरी सूंकन गेलं. तो कशाला उठेल?

तपासायची रीत सोपी. फ्लाय पाण्यात पडल्यापासून थेट खाली लटकेपर्यंत मनात आकडे मोजा. माझ्या नेहमीच्या डोहात माझे बारा व्हायचे. ज्या घिलीबरोबर मी उभा होतो त्याचे, तेवढ्याच अंतराला, सत्तावीस. त्याने माझ्या फ्लायकडे बघितलंही नाही. म्हणाला, तुझी पोस्टाची गाडी आहे, माझी दुधाची.

बाराचे सत्तावीस कसे करायचे? पहिली गोष्ट कोन. आडवं पलीकडे फेकू नका. थंडीत काटकोनाच्या निम्म्याहूनही अरुंद, म्हणजे बरंचसं खालच्या दिशेने फेका. अंतर कमी मिळतं, मिळू द्या. वीस मीटर सरळ पडलेली दोरी तीस मीटर वेटोळी पडलेल्या दोरीपेक्षा बरी, आणि वसंतात तो तुमच्याच बाजूला असण्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट, दोरी पडताक्षणी रॉडच्या टोकाने तिचं पोट वरच्या अंगाला उचलून ठेवायचं. इथे त्याला मेंड म्हणतात. एकदाच, दोरी पडल्यापडल्या. नंतर दर दोन सेकंदांनी मेंड करत बसलात तर फ्लायला उचक्या लागल्यासारखं होतं. तिसरी, रॉड फ्लायच्या मागून न्यायचा, पुढून नाही. अधीर माणसाचा रॉड फ्लायच्या आधी काठावर पोचलेला असतो.

खोलीचंही बघा. फेब्रुवारीत बुडणारं टोक असलेली लाइन, म्हणजे दोरी, लागते, पण डी ही टे नदीसारखी प्रचंड आणि खोल नाही. दुकानदाराने सगळ्यात जड टोक गळ्यात मारलं असेल तर दिवसभर गोटे अडकतील. सेकंदाला तीन इंच बुडणाऱ्या टोकाने माझं बहुतेक काम भागतं. गोट्याला अधूनमधून टक् लागावी, दर फेकीला लागली तर टोक हलकं करा, तासाभरात एकदाही लागली नाही तर जड. आणि हे मी फार उशिरा शिकलो: बुडणाऱ्या टोकाला लीडर आखूड हवा. लीडर म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्या मधलं तंगूस. मी उन्हाळ्यासारखं बारा फूट लावायचो. लाइन खाली, फ्लाय वर, पतंगासारखी. चार-पाच फुटांवर आणलं आणि फ्लाय लाइनच्या बरोबरीने खाली राहायला लागली.

फ्लायबद्दल आता बोलू. पाच अंशांच्या खाली दीड-दोन इंचांची पितळी किंवा तांब्याची नळी, तिच्यावर काळे, पिवळे, नारिंगी केस. पाच ते नऊ अंशांत इंचभर हलकी नळी आणि हलकं टोक. नऊ-दहाच्या वर आणि हवा पाण्यापेक्षा उबदार असेल तर तरंगणारी लाइन आणि आठ-दहा-बारा नंबरच्या लहान दुहेरी गळाच्या फ्लाय. ही शेवटची रीत डीवरच नावारूपाला आली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत बँकोरीच्या वरच्या अंगाला केर्नटन बीटावर आर्थर वूड लाइनला चरबी चोळून ती तरंगती ठेवायचा आणि छोटी फ्लाय वरच्या वर चालवायचा. नावंच हवी असतील तर विली गन, मंकी आणि कॅस्केड घ्या आणि डबी बंद करा. मी अजूनही नव्या विकत घेतो, पण तो वेगळा आजार.

डोह धरायची रीत अशी की वरून सुरुवात, एक फेक, फ्लाय पूर्ण खाली लटकेपर्यंत थांबायचं, तिथे दहा आकडे मोजायचे, दोन-तीन वेळा हळू ओढायचं, मग दोन पावलं खाली आणि पुढची फेक. त्या दहा आकड्यांत कंटाळू नका. मागे मागे आलेला मासा तिथेच घेतो. आणि चांगल्या वाटलेल्या जागी अर्धा तास ठाण मांडू नका. घ्यायचं असेल तर तो पहिल्या दोनतीन वेळांत घेतो, आणि तुमच्या मागून येणारा माणूस तुमच्या मानेकडे बघत उभा असतो.

वाऱ्याचं एक वाक्य: स्पे, म्हणजे दोरी पाठीमागे न उडवता पाण्यावरूनच फेकायची रीत, तर वारा नदीच्या वर जाणारा असेल तेव्हा सिंगल स्पे, खाली जाणारा असेल तेव्हा डबल स्पे. उलट केलंत तर दोन इंची पितळी नळी कानशिलावर येते. चष्मा घाला.

झटका

हा भाग लिहायला मला आजही जड जातं.

मार्चचा दुसरा शनिवार, पाणी सहा अंश, उतरतं. सगळं बरोबर जुळलेलं मी पहिल्यांदाच अनुभवत होतो. डोहाच्या शेपटीजवळ फ्लाय लटकायच्या बेतात असताना रीळ वाजलं. टक्. मग थांबलं. मग टक्-टक्, जणू कोणी बारक्या पोराने ओढून बघावं. आणि माझा उजवा हात, ज्याने वाशिष्ठीच्या काठावर बुच बुडालं रे बुडालं की वाम हिसकायचं शिक्षण घेतलं होतं, तो मला न विचारता वर गेला. रॉड वाकला, एकदा जड हिसका बसला, पाण्याखाली ताटाएवढं काहीतरी चांदीसारखं वळलं आणि दोरी सैल. पुढे पंधरा मिनिटं मी तसाच उभा होतो.

झालं काय, तर मासा फ्लायच्या मागे आणि तुम्ही त्याच्या वरच्या अंगाला. तो फ्लाय घेतो तेव्हा त्याचं तोंड तुमच्याकडे असतं. त्या क्षणी हिसकलंत तर फ्लाय सरळ उघड्या तोंडातून बाहेर. तो वळून आपल्या जागी परत निघाला की दोरी त्याच्या गालावरून ओढली जाते आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. म्हणजे गळ बसवायचं काम माशाचंच. आपण काही न करणं हेच काम.

सांगायला सोपं आहे. हाताला कळायला हवं. मी केलेला उपाय असा: लाइन बोटाखाली धरायची नाही, थेट रिळावरून, ब्रेक हलका, रॉडचं टोक खाली. उजवा हात रॉडवर वर असतो तो नुसता टेकवलेला, मूठ नाही. टक् झालं की डावा हात जॅकेटच्या खिशात. हसू नका, खरंच घालायचो. रीळ सलग फिरायला लागलं, टकटक थांबून सुरसुर सुरू झाली, की मग रॉड सावकाश उचलायचा. काही जण बोटाखाली फूटभर दोरीची सैल घडी ठेवतात आणि मासा आला की ती सोडतात. तीही चालते, पण बावरलेला माणूस ती घडी सोडायच्या ऐवजी आवळतो. मी तो माणूस आहे.

मिळाला, पण हा सॅल्मन आहे का?

चौथ्या वसंतातला माझा ‘पहिला’ मासा फार लढला नाही. चांदीसारखा होता, लांब होता, मी नाचायच्या बेतात. घिलीने एकदा बघितलं आणि म्हणाला, केल्ट.

केल्ट म्हणजे गेल्या हिवाळ्यात अंडी घालून झालेला, समुद्राकडे परत निघालेला मासा. फेब्रुवारी ते एप्रिल नदीत हे बरेच असतात, भुकेलेले असतात आणि गळाला सहज लागतात. परतीच्या वाटेवर त्यांचा रंग पुन्हा चांदीसारखा होतो, म्हणून फसायला होतं. डोकं अंगाच्या मानाने मोठं, पोट आत गेलेलं, पाठ सरळ पट्टीसारखी, पंखांच्या कडा झिजलेल्या, गुदद्वार सुजून बाहेर आलेलं. कल्ले जपून उचलून बघितले तर आत तांदळाच्या कणीसारखे पांढरे परजीवी चिकटलेले दिसतात. ताज्या स्प्रिंगरचं अंग भरलेलं, खांद्यात जाड, खवले हाताला लागतील असे सैल, आणि शेपटीकडे समुद्री उवा. उवांना लांब दोऱ्यांसारख्या शेपट्या असतील तर तो समुद्रातून येऊन एक-दोनच दिवस झाले. केल्ट धरून नेणं हा गुन्हा आहे, पण तसंही इथे काही न्यायचं नाही, त्याबद्दल पुढे. तुमच्या वहीत केल्ट वेगळे लिहा. तीन केल्ट लागले म्हणजे फ्लायची खोली आणि चाल बरी आहे एवढं नक्की कळतं.

उड्या मारतो पण घेत नाही

यावर माझ्याकडे खात्रीचा इलाज नाही. उडी मारणारा मासा बहुधा चाललेला असतो. त्याने उडी मारली तिथे फेकण्याऐवजी वरची पहिली विसाव्याची जागा धरा. पाठ आणि शेपूट दाखवत शांत गोलांटी घेणारा मासा मात्र घेणारा असू शकतो. त्याला दहा मिनिटं द्या, चहा प्या, मग फ्लाय एक नंबर लहान करून वरून पुन्हा या. तरीही नाही, तर एकदा उलटं करून बघा. सनरे शॅडो नावाची लांब, काळी, हलकी फ्लाय त्याच्यावरून भरभर ओढत न्या. थंडीत हे सहसा चालत नाही, पाणी आठ-नऊ अंशांच्या वर असेल तर कधीकधी चालतं, आणि चाललं की काठावर ओरडायला होतं.

सोडताना

स्कॉटलंडमध्ये १ एप्रिलच्या आधी धरलेला प्रत्येक सॅल्मन सोडणं कायद्याने बंधनकारक आहे. डीवर तर वर्षभर सोडूनच देण्याचा दंडक आहे, आणि मासे सोडायची सुरुवात इथे १९९०च्या दशकातच झाली. त्याला कारण आहे. डिसेंबर २०२३मध्ये ग्रेट ब्रिटनमधला अटलांटिक सॅल्मन आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ वर्गात गेला. स्प्रिंगर हा त्यातलाही सगळ्यात नाजूक हिस्सा.

तेव्हा गळाच्या टोकाचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाका, तंगूस पंधरा-वीस पौंडांचं ठेवा म्हणजे झुंज लांबत नाही, गाठ नसलेल्या मऊ जाळीचं मोठं जाळं वापरा. मासा पाण्याबाहेर काढायचाच नाही. शेपटीला धरून उचलून फोटो काढणारे अजून दिसतात, त्यांना मी मोठ्याने नमस्कार करतो. तोंड वरच्या धारेकडे करून, एक हात पोटाखाली आणि एक शेपटीच्या देठाशी सैल. त्याने स्वतःहून हात झटकला तर गेला, नाही झटकला तर आणखी धरायचा, मग पाच मिनिटं लागोत.

परमिट आणि वार

इंग्लंडसारखं सरकारी रॉड लायसन्स स्कॉटलंडमध्ये लागत नाही. सॅल्मन धरायचा हक्क मात्र खाजगी मालकीचा असतो, म्हणून बीटाची परवानगी हवीच. त्याशिवाय काठावर रॉड जोडला तरी तुम्ही चोर. डीचा हंगाम १ फेब्रुवारी ते १५ ऑक्टोबर. बहुतेक ठिकाणी फक्त फ्लाय, आमिष नाही.

आणि रविवारी सॅल्मन धरायला अख्ख्या स्कॉटलंडमध्ये कायद्याने बंदी. आपल्याकडे मासळीचा हक्काचा वार तोच, पण इलाज नाही. नोकरदाराला उरतो शनिवार. आमच्या घरी शनिवार मारुतीचा, त्या दिवशी मासा चालत नाही. पण सोडूनच द्यायचा असतो, त्यामुळे त्याचीही हरकत नसावी असं मी आईला फोनवर पटवलं आहे.

जुन्या पुस्तकांतली डोहांची वर्णनं वाचून जागा ठरवू नका. डिसेंबर २०१५च्या अखेरीला फ्रँक वादळाच्या पुराने बॅलेटर बुडालं आणि नदीने कित्येक ठिकाणी गोटे हलवून डोहांचे आकार बदलले. त्या दिवशीचं पाणी ज्याने पाहिलं आहे अशा घिलीला विचारा. मार्चअखेर ते मे हे शनिवार आधीच्या वर्षीच भरून जातात. फेब्रुवारीतले स्वस्त आणि मोकळे असतात. पहिल्या वर्षी तेच घ्या, बँकोरीच्या खालचे, आणि बुकिंग करतानाच विचारून ठेवा की घिली त्या दिवशी असणार आहे का. नसेल तर वार बदला.